दुर्बिणीतली फुली

भाऊबीज उलटून आठ-दहा दिवस झाले की एखाद्या सकाळी चहाचा कप लागताच ओठ चुरचुरतात. दोरीवर टाकलेला टॉवेल नऊ वाजायच्या आत पापडासारखा कडक होतो. पावसाळाभर दोन्ही हातांनी ढकलून लावावी लागलेली खिडकी एका बोटाने मिटते. बायको म्हणते, "आली तुमची हवा." दुपारपर्यंत माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली आलेला असतो. त्यात मऊ ब्रश, धुऊन धुऊन विरलेल्या साडीचे तुकडे, स्पिरिटची बाटली, चिकटवायला सुताराकडून आणलेला थोडा लाखेचा चपडा आणि एक काळं मखमली कापड असतं.

बंदुकीवरच्या जुन्या दुर्बिणी दुरुस्त करायचा छंद मला आहे, असं सांगितलं की लोक आधी बंदुकीबद्दल विचारतात. मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. मला कुतूहल आहे ते नळीच्या आत काय चाललंय याचं. आणि नळी उघडायची ती याच दिवसांत. दमट हवेत उघडली तर ओल आत कोंडते आणि वर्षभरात काचांवर बुरशी धरते. म्हणून माझा हंगाम ज्वारीबरोबर येतो आणि ज्वारीबरोबर जातो.

हे सगळं मी शिकलो ते नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात. तेव्हा मी नेवाशाच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या आणायला नगरला गेलो होतो आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून एका भंगारवाल्याच्या दुकानात डोकावलो. सायकलींच्या सांगाड्यांखाली हातभर लांबीची पितळी नळी पडलेली होती. दोन्ही टोकांना काच. लष्कराच्या लिलावात घेतलेल्या भंगारात ती कधीतरी आली होती. भंगारवाल्याच्या लेखी ते नुसतं पितळ होतं.

एसटीत खिडकीशी बसून मी ती डोळ्याला लावली. दुधासारखं पांढुरकं काहीतरी दिसलं आणि त्यात एक काळं झाड, पानं झडलेलं, फांद्याफांद्यांचं.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "काय दिसतंय, मास्तर?"

"झाड."

त्यांनी माझ्या अंगावरून वाकून बाहेर पाहिलं. बाहेर पार लांबवर उघडं रान होतं. "झाड तर न्हाई कुठं," ते म्हणाले, आणि मग वाटेतल्या वडाळ्याला उतरेपर्यंत माझ्याकडे जरा सांभाळूनच पाहत राहिले.

ते झाड काय आहे हे कळेपर्यंत मला चैन पडेना. घरी येऊन पुढच्या काचेभोवतीच्या कडीला पक्कड लावली. पक्कड निसटली आणि पितळेवर चांगला बोटभर ओरखडा उमटला. कडी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत हळहळत होतो तेव्हा आमच्या लेखनिकांनी सांगितलं, "साळव्यांकडे जा. नदीच्या अंगाला, शेवटचं घर. उभी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली त्यांनी. हेच करायचे."

साळवे साठीच्या पुढचे होते, सडपातळ, पांढरा शर्ट खोचलेला. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, ओसरी शेणाने सारवलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एक लांब बाक. त्यांनी नळी हातात घेतली आणि आधी ओरखडाच पाहिला.

"पक्कड लावली?"

"हो."

"मानसाचं नाक वाकडं असलं तर पकडीनं सरळ करता का, सर?"

 नळी परत देताना त्यांचा हात थरथरत होता. मला वाटलं रागाने, पण मग चहा आला आणि त्यांनी कप दोन्ही हातांत धरला तरी बशीत चहा सांडला.

"हात ऐकत न्हाईत आता," ते म्हणाले. "तोंड ऐकतं. मी बोलतो, तुमी करा. रविवारी या. आन येताना कंपासपेटी आना."

कंपासपेटी का, ते रविवारी कळलं. दुर्बिणीच्या आतल्या कड्यांना समोरासमोर दोन बारीक खाचा असतात. कर्कटकाची दोन टोकं बरोबर त्या खाचांत बसतात. पण त्याआधी साळव्यांनी नळी तासभर उन्हात ठेवायला लावली. मग प्रत्येक जोडावर पेन्सिलीची आडवी रेघ मारायला लावली, म्हणजे परत लावताना रेघेला रेघ जुळते. मग ताटात साडीचा तुकडा अंथरून घेतला. जे पहिलं निघेल ते डाव्या हाताला, त्यापुढे दुसरं, त्यापुढे तिसरं.

"आता फिरवा. जोर करायचा न्हाई. ती म्हनंल तवा निगंल."

ती म्हणाली. करकर करत कडी फिरली आणि माझा कान आपसूक नळीकडे वळला. इतक्या वर्षांनी, कितीतरी नळ्या उघडल्यावर, आजही ती करकर ऐकली की तसंच होतं. ही हवा आत कधीची आहे? हिच्यावर शेवटचा हात कोणाचा पडला असेल? नळीतून जुन्या ग्रीसचा उग्र वास आला.

एसटीत दिसलेलं झाड आतल्या एका भिंगावर होतं. ती बुरशी होती. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून मी ती पुसली तेव्हा, खरं सांगायचं तर, वाईट वाटलं, इतकं रेखीव होतं ते. पुसल्यावरही तिरपं धरलं की एक पुसट फांदी दिसायचीच.

"ती ऱ्हानार," साळवे म्हणाले. "काच खाल्ली तिनं तिथं. आपुन फकस्त पुसायचं. भरून काढता येत न्हाई."

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, अशा नळीतून पाहून तुम्ही कधी गोळी झाडली का? ते हसले. "सरावाला झाडायचो, तेवढंच. आमचं काम बघायचं. समोर पान्याची टाकी हुती, तिच्यावर आकडा रंगवलेला. साईट दुरुस्त झाली का त्या आकड्याकडं बघायचं. काठ साफ दिसला का पास. उभ्या नोकरीत मी यवढाच आकडा बघितला." दुर्बिणीला ते 'साईट'च म्हणत. मग म्हणाले, "पुढं ती कुठं जाती, कोन तिच्यातून काय बघतो, ते आमच्याकडं येत नव्हतं."   ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं आहे. दुरुस्त झालेली प्रत्येक नळी मी आधी एखाद्या निरुपद्रवी गोष्टीकडे वळवतो, साखर कारखान्याच्या धुराड्याकडे, नाहीतर कणसावर बसलेल्या पाखराकडे.

तिसऱ्या रविवारी फुलीपाशी आलो. दुर्बिणीतून पाहताना मधोमध जी फुली दिसते ती एका बारीक कडीवर ताणलेल्या दोन धाग्यांची असते. आमच्या कडीवर धाग्याचं एक तुटकं टोक तेवढं लोंबत होतं. साळव्यांनी कडी उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"हे माझं काम न्हाई," ते म्हणाले आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं ए, भाईर ये जरा. फुली हाय."

आतून शांताबाई आल्या. त्यांची बायको. तीन रविवार त्यांनी मला चहा दिला होता आणि मग दाराशी बसून सुपातले खडे बोटांनी चाचपून काढत बसल्या होत्या. तीन रविवारांत मी त्यांच्याशी 'चहा छान झालाय' यापलीकडे बोललो नव्हतो. त्या बाकाशी आल्या, कडी घेतली आणि करंगळीच्या टोकाने तिचा काठ चाचपला.

"ह्यो मी लावल्याला न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनीतरी जाड लावलाय."

मग ती गोष्ट कळली. पेन्शनीत आल्यावर साळवे जमीन मोजणाऱ्यांच्या, हौशी लोकांच्या दुर्बिणी घरी दुरुस्त करू लागले. फुलीसाठी बारीक तार मिळेना. तेव्हा त्यांनी बायकोच्या डोक्यातला एक केस मागून घेतला, लावला आणि तिलाच पाहायला बोलावलं.

"मी डोळा लावला," शांताबाई सांगू लागल्या, "तर ह्यो मोठा दोरखंड! म्हनलं, ह्यो माझा केस? ह्यानं तर बैल बांधावा. लई हसले मी. आन त्याच्या मागं बगते तर नदीच्या पल्याड एक बाई धुनं वाळत घालत हुती. तिच्या हातातल्या बांगड्या दिसल्या. तिला ठाव बी न्हाई कुनी बगतंय म्हनून. मला कसंतरीच झालं. मी डोळा काढला." त्यांनी कडी बाकावर ठेवली. "मंग ह्यांना म्हनलं, केसानं न्हाई व्हायचं. कोळ्याचा धागा लावा. हे म्हनले, येडी का खुळी. मीच लावून दाखवला."

तेव्हापासून पितळ आणि काच साळव्यांची, फुली शांताबाईंची. आलेल्या माणसाला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मीही तीन रविवार त्यातलाच एक.

त्यांची कोळीण, म्हणजे कोळ्याची मादी, ठरलेली होती. पावसाळा सरला की बांधावरच्या घाणेरीच्या झुडपांत ती सापडते, पिवळ्या पट्ट्यांची. जाळ्याच्या मधोमध पाय दोन-दोन जोडून बसते, अगदी फुलीसारखी. शांताबाई तिला फुलीवाली म्हणत. तिला काडीवर घ्यायचं, काडी हलकेच झटकायची. ती स्वतःच्या धाग्याला धरून खाली उतरते. तो उतरता धागा इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या तारेवर गुंडाळून घ्यायचा आणि मग फुलीवालीला जिथून आणलं त्याच झुडपावर सोडायचं. यात फेरफार नाही. "तिचं घर तिला ठाव असतं. आपल्यामुळं कुनी रानोमाळ व्हायचं न्हाई," त्या म्हणायच्या.

तो धागा मला दिसायचाच नाही. काळ्या कापडासमोर, तिरप्या उन्हात, मान एका विशिष्ट कोनात वळवली की क्षणभर चमकायचा आणि जायचा. कडीवर आडवा ठेवायचा, दोन्ही टोकांना चपड्याचा थेंब लावायचा, मग तोंड उघडून त्यावर हलकी वाफ सोडायची. ओलीने तो सैलावतो, तेव्हा किंचित ओढायचा. वाळला की ताठ होतो. मी पहिल्या दिवशी सात तोडले. शांताबाई शेजारी बसून बोटांनी माझं मनगट धरायच्या आणि हात कुठे चुकतोय ते सांगायच्या.

बोटांनी. ते लक्षात यायला मला आणखी एक रविवार लागला. त्या माझ्या हाताकडे पाहतच नव्हत्या. सुपातले खडे चाचपून काढायच्या, कपाचा कान चाचपून धरायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता आणि दोन वर्षांत त्यांनी एकही फुली लावली नव्हती.

श्रीरामपूरला नेत्रशिबिर होतं. मी माझ्यातल्या मास्तराला आवरायला हवं होतं, पण आवरलं नाही. बुरशीची फांदी राहिलेलं भिंग आणि दुसरं स्वच्छ भिंग दोन्ही हातांत घेऊन मी त्यांना समजावू लागलो, की पाहा, डोळ्यातसुद्धा असंच भिंग असतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, ही साईट बिघडली तर तुमी दुसरी आनाल भंगारातनं. माझा डोळा कुठनं आनाल? वरच्या आळीतली गंगूबाई गेल्ती. हुतं तेवढं बी गेलं तिचं. मला माझ्या मानसाचं तोंड पुसट का व्हईना दिसतंय. तेवढं बास हाय."

साळवे अंगणाकडे पाहत राहिले. मी भिंगं ताटात ठेवली, डाव्या हाताला पहिलं, त्यापुढे दुसरं.

हल्ली शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मला मोबाईलवर दुर्बिणींचे फोटो येतात. नव्या दुर्बिणींत फुली काचेवरच कोरलेली असते. ती तुटत नाही, सैल पडत नाही. पाहून बरं वाटतं आणि लगेच पुढच्या फोटोकडे जावंसं वाटतं. ज्या फुलीसाठी कोणाला बांध धुंडाळावा लागला नाही, तिच्याबद्दल मला विचारायला काही सुचत नाही.

शिबिराच्या त्या बोलण्यानंतरच्या रविवारी ते घडलं. मी एक फुलीवाली काडीवर घेऊन आलो होतो. बाकावर बसलो, धागा तारेवर घेतला आणि तार ठेवायला वळलो तेवढ्यात ती काडीवरून बाकावर उतरली. शांताबाई उठत होत्या. उठताना आधारासाठी त्यांनी बाकावर हात टेकवला.

मला ओरडायला वेळच मिळाला नाही. त्यांनी हात उचलला, तळवा दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय हुतं?" त्यांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. तरी विचारलं.

फुलीवाली हाताखाली सापडली, असं मी सांगितलं. साळवे उठून पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांच्या थरथरत्या हातातून पाणी इकडेतिकडे सांडलं, पण त्यांनी बायकोचा तळवा धुतला.  मी निघालो तेव्हा त्या दाराशीच बसलेल्या होत्या, सूप तसंच बाजूला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत साळवे शाळेच्या फाटकाशी आले. "नाव लिवायचं हाय शिबिरात," ते म्हणाले. "ती सोताच म्हनली." मग खिशातून रुमाल काढून विनाकारण मान पुसली. "सर, काय कमीजास्त झालं तर?"  मी त्यांच्याबरोबर नाव नोंदवायला गेलो.

ऑपरेशन एका डोळ्याचं झालं, उजव्या. मग हिरवी पट्टी, काळा चष्मा, चुलीच्या धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. सव्वा महिन्यानंतर नंबराचा चष्मा लागणार आणि काय ते तेव्हाच कळणार. साळवे थरथरत्या हातांनी भाकऱ्या थापत होते. त्या नकाशासारख्या व्हायच्या. मी रविवारी गेलो की शांताबाई भिंतीला टेकून बसलेल्या असत आणि विचारत, "झाली का फुली?"

होत नव्हती. पौष लागला, ज्वारी निसवून दाणा भरू लागली. बांधावरच्या फुलीवाल्या कमी होत गेल्या. तीन दिवस शाळा सुटल्यावर हिंडलो, हाताला ओरखडे काढून घेतले आणि रिकामा परतलो. संक्रांतही गेली. शेवटी मी प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातून एका लांब टांगांच्या कोळ्याचा धागा घेतला आणि एका दुपारी, श्वास धरून, फुली लावली. डोळा लावून पाहिलं. सरळ, बारीक, काळी फुली. मला काही खोट दिसली नाही. साळव्यांनी पाहिली. "चांगली हाय," म्हणाले. "तिला इचारू." धागा कुठला ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

चष्मा मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. जाड भिंगांमागे शांताबाईंचे डोळे केवढे मोठे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "सर, तुमी लई तरुन हाय की! आवाजावरनं वाटलं न्हाई."

मी नळी दिली. त्यांनी डावा डोळा तळव्याने झाकला आणि चष्म्यावरूनच उजव्याला नळी लावली.  साळवे बाकाची कड धरून उभे होते.

"दिसतं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चिच दिसती. चिचंवर कावळा हाय. त्याची मान दिसती, राखाडी."

साळवे खाली बसले.

शांताबाईंनी डोळ्याजवळची कडी स्वतःच थोडी फिरवली. फुली स्पष्ट करायला ती फिरवतात. 

"सर, ह्यो धागा कुठला?"

"बांधावरचा," मी म्हणालो.

"न्हाई. ह्याला लव हाय. पोरांच्या वठावर येती तशी बारीक लव. बांधावरचीचा धागा कसा धुतल्यावानी असतो." त्यांनी नळी खाली घेतली आणि ते मोठे डोळे माझ्यावर रोखले.

"शाळेतल्या कोपऱ्यातला," मी म्हणालो.

साळवे हसू लागले. हसता हसता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला, आणि टॉवेलाआड खांदे हलत राहिले तरी हसण्याचा आवाज मात्र थांबलेला होता.

"हसायला काय झालं?" शांताबाई म्हणाल्या. "सर खोटं बोलले." आणि मला, "उठा. कोपऱ्यातलं काय लावायचं न्हाई. उसाच्या कडंला पाट हाय, तिथं ओल असती. तिथं अजून असंल ती."

आम्ही दोघं निघालो. ऊन टळटळीत होतं. त्या चष्म्यातून जमीन जवळ दिसत असावी, कारण त्या प्रत्येक पाऊल पायरी चढल्यासारखं उचलून टाकत होत्या. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. पाटाकाठी घाणेरीची दाट रांग होती. मी फांद्या बाजूला करत पुढे झालो, एकेक पान पाहत.

मागून त्यांनी माझी बाही धरली.

"थांबा. हलू नका. तुमच्या कोपरापाशी."

मी पाहिलं. पानं, धूळ, ऊन.

"कुठंय?"

"अवो, फुली घालून बसलीया की! मागं या, भील ती."

मी मागे आलो. तरी मला काही दिसेना. शांताबाई माझ्या पुढे झाल्या, खाली पडलेली एक काडी उचलली आणि पानांमध्ये हलकेच सरकवली. मग काडी वर काढून एकदा झटकली. तेव्हा कुठे मला दिसलं. उन्हात, कशालाही न धरता, एक इवलासा पिवळा जीव सावकाश खाली उतरत होता, आणि शांताबाई त्याच्या वर, मला नुसती मोकळी हवा दिसत होती तिथे, टक लावून पाहत होत्या.